टॅबची किल्ली

कालिंदी गेल्याचं सुभद्राबाईंना कळलं ते तिचं तेरावं उरकून गेल्यावर, आणि तेही परळच्या मासळीबाजारात, बांगड्यांचा भाव करताना.

"बाय, बहिणीचं ऐकलं. लय वाईट झालं," कोळीण म्हणाली. ती मच्छीमार नगरची. तिची जाऊ गिरगावात टोपली घेऊन बसायची आणि कालिंदी त्या जावेचं वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक.

"कुठल्या बहिणीचं?" सुभद्राबाईंनी विचारलं. त्यांना बहीण एकच होती.

बांगडे तिथेच राहिले. सुभद्राबाईंनी टॅक्सी थांबवली आणि तशाच गिरगावला निघाल्या.

लालबागच्या चाळीत कधीकाळी त्यांनी तीस-पस्तीस गिरणी कामगारांची खानावळ चालवली होती. नवरा आनंदा गिरणीतल्या साच्यावर, त्या चुलीवर. कुणाचं उगाच ऐकून घेणारी बाई ती नव्हे. पण नवरा गेला, गिरणीही गेली, आणि मुलगा जगदीश त्यांना परळच्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर घेऊन गेला, तेव्हापासून त्यांचं जग एका टॅबमध्ये मावायला लागलं होतं. जगदीशनेच तो दिला होता. "आई, साधा फोन कशाला? ह्यात मोठी अक्षरं दिसतात, भजनं ऐक, व्हिडिओ कॉल कर." जगदीश एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघायचा. पोरवयात तो चाळीतल्या मुलांचे फोन कंपनीच्या बंधनातून 'मोकळे' करून द्यायचा. तेव्हा सुभद्राबाईंना त्याचं कौतुक वाटे.

कालिंदीशी त्यांचं शेवटचं बोलणं झालं ते भांडणाचं. जगदीशची बायको मेघना त्याला सोडून गेली, तेव्हा कालिंदीने तिला आपल्या घरात ठेवून घेतलं, नोकरी लागेपर्यंत जेवू घातलं. "मावशीने माझं घर मोडलं," जगदीश म्हणाला. सुभद्राबाई मधल्यामध्ये चिरडल्या. गणपतीत त्यांनी कालिंदीला दोन शब्द सुनावले, कालिंदीने चार. त्यानंतर फोन लावला की 'हा क्रमांक उपलब्ध नाही' ऐकू यायचं. जगदीश म्हणाला, "तिने तुला ब्लॉक केलंय, आई. सोडून दे." सुभद्राबाईंच्या मानी स्वभावाला ते लागलं. बसू दे रुसून, त्या म्हणाल्या. आणि ती रुसलेली बहीण मरून गेली.

कालिंदीच्या मुलीने, पूर्वीने, दार उघडलं आणि दारातच उभी राहिली.

"आता कशाला आलीस, मावशी?"

"मला कुणी कळवलं नाही गं."

"कळवलं नाही?" पूर्वीने आपला फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "हे बघ. हे हॉस्पिटलमधून केलेले. हे आई गेली त्या दिवशीचे. हे आईच्या फोनवरून." पूर्वी अंगठ्याने वर सरकवत राहिली, सुभद्राबाईंचं नाव खाली येत राहिलं, येत राहिलं. "घरी माणूस पाठवला, तर जगदीश खाली लॉबीतच भेटला. म्हणाला, आईला यायचं नाहीये, तिला त्रास देऊ नका."

सुभद्राबाईंनी पिशवीतून टॅब काढला आणि तिच्या हातात दिला. त्यात पूर्वीचा एकही कॉल नव्हता. कालिंदीचा तर कुठे मागमूसच नव्हता.

पूर्वीचा राग तिथे अडखळला. ती एका कंपनीत मोबाइलवरची ॲप्स तपासायचं काम करते. तिने टॅबचं नेट बंद केलं, मग टॅब बंद करून परत चालू केला. कंपनीचं नाव येण्याआधी काळ्या पडद्यावर इंग्रजीत चार ओळी उमटल्या आणि गेल्या.

"हे रोज येतं?"

"येतं. जगदीश म्हणतो, जुनं मॉडेल आहे म्हणून येतं."

"मावशी, आत ये. बस." पूर्वीने त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. "हा टॅब रूट केलेला आहे. म्हणजे बघ, आपण फोन विकत घेतो, पण त्याची मूळ किल्ली कंपनी स्वतःकडेच ठेवते. आपण सगळे पागडीवरचे भाडेकरू. रूट करायचं म्हणजे ती मूळ किल्ली मिळवायची. ज्याच्याकडे ती असते तो घरात वाटेल ते करतो. भिंती हलवतो, दारं बुजवतो, आणि राहणाऱ्याला पत्ता लागत नाही."

"आणि ह्याची किल्ली जगदीशकडे."

"त्याच्याकडेच असणार."

पूर्वीने लॅपटॉप आणला, वायर जोडली. बाजूला ठेवलेल्या कॉफीवर साय धरली. शेवटी 'सिस्टम सर्व्हिस' असं निरुपद्रवी नाव लावून बसलेलं एक ॲप तिला सापडलं. साध्या मार्गाने ते दिसतही नव्हतं, मग पुसणार कुठून? पूर्वीनेही रूटचा अधिकार वापरला तेव्हाच ते उघडलं. आत अडवलेल्या नंबरांची रांग होती: कालिंदी, पूर्वी, मेघना, लालबागच्या दोन शेजारणी. टॅब कुठे कुठे गेला त्याचे नकाशे होते. खोलीतलं बोलणं ऐकण्याची सोय होती. आणि एका कप्प्यात अडवलेले व्हॉइस मेसेज साठवलेले होते.

पूर्वीने सुभद्राबाईंकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली.

कालिंदीचा आवाज खोलीत आला. दम लागलेला, पण तोच.

"सुभे, फोन कित्याक उचलूक नाय गो? रागावलंस काय माझ्यार? माका बरा वाटणा नाय. एकदा येवन जा."

मग दुसरा. मग आणखी. प्रत्येकात आवाज थोडा बारीक होत गेलेला. शेवटच्यात ती एवढंच म्हणाली, "सुभे गो," आणि मग नुसता श्वास, आणि मागे हॉस्पिटलच्या कुठल्याशा मशीनची पिपाणी.

सुभद्राबाई रडल्या नाहीत. त्यांनी पदर दातांत धरला आणि धरूनच ठेवला. पूर्वी मात्र रडली. डोळे पुसून म्हणाली, "काढून टाकते हे सगळं. आत्ताच."

सुभद्राबाईंनी तिचं मनगट पकडलं. खानावळीच्या काळात पिठाचे डोंगर मळलेला तो हात होता.

"ह्या निरोपांच्या नकला तुझ्याकडे काढून घे. बाकी हात लावू नकोस. राहू दे."

"अगं, तो तुझं सगळं ऐकतोय."

"तेच तर. ऐकू दे."

संध्याकाळी जगदीश घरी आला. चपला काढता काढता सहज विचारावं तसं विचारलं, "आज कुठे गेली होतीस, आई?"

"प्रभादेवीला. देवळात."

जगदीशचा हात चपलेवर थांबला. ती खोटं बोलतेय हे त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे हे सांगायची सोय नव्हती. तो आपल्या आईकडे बघत राहिला, आणि सुभद्राबाई शांतपणे त्याच्याकडे. "गर्दी होती का?" त्याने शेवटी विचारलं.

"फार नव्हती," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन भात लावला. कुकर ठेवताना त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला बरं वाटतंय.

मग त्या कामाला लागल्या. जगदीश ऑफिसात असताना त्या टॅब ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवत आणि मोठ्याने बोलत. कधी फोनवर बोलल्यासारखं: "हो, हो, शनिवारी येते मच्छीमार नगरला. मेघनालाही बोलव. जगदीशला काही कळता कामा नये." शनिवारी त्या पलंगावर पाय ताणून पडल्या. जगदीश सकाळीच 'कामासाठी' बाहेर पडला होता. परतला तेव्हा त्याचे बूट चिखलाने भरले होते आणि अंगाला सुक्या बोंबलाचा वास येत होता.

"कसला वास येतोय रे?" त्यांनी विचारलं.

"कुठे काय," तो म्हणाला आणि बाथरूममध्ये शिरला.

पुढच्या खेपेला अँटॉप हिल. तिथे सरकारी वसाहतीत एक वकीलबाई राहते, तिला भेटायचंय, असं त्या टॅबसमोर म्हणाल्या. तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून एकसारख्या दिसणाऱ्या इमारतींमधून फिरत राहिला. मग वरळीच्या बीडीडी चाळी. त्याच्या साहेबांनी त्याला एकदा फोनवर झापलं, तेही सुभद्राबाईंनी दाराआडून ऐकलं. रजा कशासाठी घेतोस, हे त्याला साहेबांना सांगता येईना.

पण ही तर नुसती गंमत होती. खरा मार त्या दुपारी द्यायच्या. भाजी चिरताना त्या कालिंदीशी बोलत, समोर बसल्यासारखं.

"तुला आठवतं गो, ह्याला टायफॉइड झाला होता? मी खानावळ सोडू शकत नव्हते. तू गिरगावातून येऊन ह्याच्या उशाशी बसायचीस. मोसंबी सोलून एकेक फोड भरवायचीस. त्या पोराने तुझे शेवटचे शब्द डब्यात घालून झाकण लावलं. माझ्या पोटचा आहे म्हणून सांगते, साप परवडला. साप फूत्कारतो तरी."

हे त्या रोज बोलत. रोज नवी आठवण काढत, आणि रोज शेवटी त्याच जागी येत. जगदीशला कळलं होतं की आईला कळलंय. पण हे बोलायला तोंड उघडायचं, तर आधी 'मी ऐकतो' म्हणावं लागणार. आणि ऐकणं सोडणं त्याला जमेना. तो अर्ध्या जेवणावरून उठू लागला. डोळ्यांखाली काळं आलं. आपलाच मुलगा झिजताना बघून आईला काही वाटलं नाही का? वाटलं. दोनदा त्यांच्या हातून वाटी त्याच्याकडे सरकली, तूप वाढायला. दोन्ही वेळा त्यांना ती पिपाणी आठवली आणि त्यांनी वाटी मागे घेतली.

एवढ्यावर कदाचित भागलंही असतं. पण मेघनाशी घटस्फोट झाला होता आणि जगदीशचं दुसरं लग्न ठरत आलं होतं. मुलगी दादरची, मृणालिनी, विमा कंपनीत नोकरीला. साखरपुड्याआधी ती एकदा एकटीच घरी आली, होणाऱ्या सासूला भेटायला. जगदीश खाली मिठाई आणायला गेला होता. मृणालिनीच्या हातात नवाकोरा फोन होता.

"जगदीशनीच दिला," ती लाजून म्हणाली. "छान आहे, पण बँकेचं ॲप उघडतच नाही त्यावर. ते म्हणतात, बँकेचा सर्व्हर डाऊन असतो. महिनाभर कसा असेल हो डाऊन?"

सुभद्राबाईंच्या हातातला चमचा थबकला. पूर्वीने त्यांना सांगितलं होतं: रूट केलेला फोन बँकेच्या ॲपला ओळखता येतो, आणि ते दार लावून घेतं.

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मृणालिनीच्या हातातला फोन घेतला, आपला टॅब घेतला, दोन्ही तांदळाच्या पिंपात ठेवून झाकण घट्ट बसवलं. मग मिक्सरमध्ये खोबरं टाकून बटण फिरवलं आणि त्या घरघराटात मृणालिनीला जवळ ओढून तिच्या कानात सगळं सांगितलं.

मिक्सर थांबला तेव्हा मृणालिनीचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, तुम्ही स्वतःच्या मुलाबद्दल…"

"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," सुभद्राबाई कुजबुजल्या. "गिरगावात माझी भाची आहे. तिला फोन दाखव."

तिने फोन बंद करून नेला आणि दाखवला. फोनमध्ये तेच 'सिस्टम सर्व्हिस' निघालं. मृणालिनी कुठे जाते, मैत्रिणीशी काय बोलते, रात्री किती वाजता दिवा मालवते, सगळं. पूर्वीने सगळ्याचे फोटो आणि नकला काढून ठेवल्या. मृणालिनीला गाजावाजा न करता लग्न मोडायचं होतं. सुभद्राबाई म्हणाल्या, "तू मोड गपचूप. पण ते ॲप त्याच्या हाताने काढून घे. माझ्यासमोर. तेवढं मला हवंय." बोलताना त्यांचा आवाज इतका थंड होता, की मृणालिनी त्यांच्याकडे बघत राहिली. पण ती हो म्हणाली.

रविवारी सकाळी साखरपुड्याचा मेनू ठरवायला म्हणून मृणालिनी आईवडिलांना घेऊन परळला आली. त्यांच्या मागोमाग पूर्वी आत आली.

"तू इथे कशी?" जगदीश उठून उभा राहिला.

मृणालिनीने फोन टेबलावर ठेवला. "हा रूट का केलाय, जगदीश?"

तो हसायचा प्रयत्न करू लागला. "अगं, सिक्युरिटीसाठी. मुंबईत मुली एकट्या फिरतात…"

"मला न सांगता?"

"सांगणारच होतो."

मृणालिनीच्या वडिलांनी चष्मा काढून हातात धरला. निवृत्त कारकून, आयुष्यात आवाज न चढवलेला माणूस. ते म्हणाले, "पोलीस स्टेशन इथून जवळ आहे. पुरावा आमच्याकडे आहे. तुम्ही बसा, आणि हे काढा."

सुभद्राबाईंनी आपला टॅब आणून त्या फोनशेजारी ठेवला. "ह्यातलंही. ज्या हाताने घातलंस त्याच हाताने."

जगदीशने सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. मग तो लॅपटॉप घेऊन बसला.

किल्ली मिळवायला लागतो त्याहून ती परत करायला जास्त वेळ लागतो. कंपनीची मूळ फाइल उतरवायची, आतलं सगळं पुसायचं, मूळ प्रणाली परत बसवायची, आणि शेवटी उघडं ठेवलेलं कुलूप लावायचं. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती. पोह्यांवर टाकलेली कोथिंबीर सुकली, चहा निवला. जगदीशच्या कपाळावरचा घाम कीबोर्डवर पडला आणि त्याने तो बाहीने पुसला.

पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा सुभद्राबाई म्हणाल्या, "पूर्वी, लाव."

पूर्वीने आपल्या फोनवर तो पहिला निरोप लावला.

"सुभे, फोन कित्याक उचलूक नाय गो?"

जगदीशचे हात थांबले. "आई, प्लीज."

"हात चालू ठेव," सुभद्राबाई म्हणाल्या. "बंद पडलं तर पहिल्यापासून करावं लागेल ना? मग निरोपही पहिल्यापासून लावू."

निरोप एकामागून एक वाजत राहिले. मृणालिनीची आई उठून खिडकीपाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. जगदीश वायर धरून बसला होता; उठता येईना, कान झाकता येईनात. शेवटचा निरोप आला. "सुभे गो." मग श्वास, आणि पिपाणी. तो संपल्यावर घरात फक्त लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज उरला.

दोन्ही यंत्रं नव्याने सुरू झाली. आता काळ्या पडद्यावर ओळी आल्या नाहीत. पूर्वीने दोन्ही तपासली आणि मान डोलावली. मृणालिनीने फोन उचलला नाही. "तो ठेवा तुमच्याकडेच," एवढं म्हणून ती आईवडिलांसोबत निघाली.

सुभद्राबाईंची पिशवी भरलेलीच होती. "लालबागच्या खोलीवर जाते," त्या म्हणाल्या. टॅब त्यांनी घेतला. जगदीश बसल्या जागेवरून हलला नाही.

चाळीतली खोली त्यांनी सोडली नव्हती, पण ती कित्येक महिने बंद होती. पूर्वीने आणि जुन्या शेजारणींनी मिळून ती झाडली, नळ दुरुस्त करून घेतला, गॅस आणवला. सुभद्राबाईंनी मेघनाचा नंबर मिळवून फोन लावला. मेघना नीट बोलली, पण तुटक. "आई, तुमच्यावर आलं तेव्हा तुम्हाला कळलं. माझ्या वेळी मी सांगत होते," ती म्हणाली. सुभद्राबाईंनी ऐकून घेतलं. परत लावीन, म्हणाल्या.

एका दुपारी जगदीश आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. सुभद्राबाई दाराजवळ बसून कोलंबी सोलत होत्या. त्यांनी मान वर केली, पण बस म्हणाल्या नाहीत. तो उंबऱ्याशीच टेकला.

"मेघना गेली. मला वाटलं, मावशी तुलाही नेईल. मी फक्त घर सांभाळत होतो, आई."

सुभद्राबाई कोलंबीचा धागा काढत राहिल्या. मग विचारलं, "तिचे निरोप तू ऐकले होतेस?"

तो उंबऱ्यावरची धूळ बोटाने पुसत राहिला.

"जगदीश."

"शेवटचा नव्हता ऐकला," तो म्हणाला. "खरंच नव्हता ऐकला, आई."

म्हणजे बाकीचे ऐकले होते. मावशी मरतेय हे त्याला माहीत होतं. रोज संध्याकाळी तो घरी येऊन आईच्या हातचा चहा प्यायला होता, तेव्हा माहीत होतं.

सुभद्राबाईंनी सुरी ताटात ठेवली. लालबागच्या त्या घरात आजवर आलेल्या माणसाला चहा न देता कुणी पाठवलं नव्हतं. गिरणीच्या संपातसुद्धा, डब्यात साखर नसतानासुद्धा गुळाचा चहा झाला होता. शेजारीण आपल्या दारातून बघत होती, सुभद्राबाई कधी उठतात म्हणून.

त्या उठल्या नाहीत.

"जा आता," त्या म्हणाल्या. "मला स्वयंपाक करायचाय."

तो उठला, जिना उतरला. पायऱ्यांवरचा त्याचा आवाज खाली पोचेपर्यंत त्या ऐकत राहिल्या. मग कोलंबी धुतली, हळद-मीठ लावलं, आणि कालिंदी करायची तसं कालवणात आंब्याऐवजी कोकम घातलं. त्या दुपारी त्यांना भूकही चांगली लागली. सार भुरकून जेवल्या, ताट घासून ठेवलं, आणि कोलंबीचं उरलेलं भांडं झाकून शेजारणीच्या दारात नेऊन दिलं.